कोहीरपर्यंत

१

माझे यजमान माणिकराव साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरीला होते. गाळपाचा हंगाम सुरू झाला की बेअरिंगं, पट्टे, नटबोल्ट असलं काहीबाही आणायला त्यांना आठवड्याला एकदा सिकंदराबादला जावं लागे. गुरुवारी जायचं, तिथं मुक्काम करायचा, शुक्रवारी दुपारी चारच्या सुमाराला परत. दर गुरुवारी सकाळी सातला मी त्यांचा डबा भरायची. चार भाकऱ्या, शेंगाची चटणी, कधी वांग्याची भाजी.

ते पॅसेंजरनं जात. भालकीहून आठची गाडी. प्रत्येक स्टेशनावर थांबत, समोरच्या गाडीला वाट देत, ती साडेतीन-चारला कधीतरी सिकंदराबादला पोचायची. बस साडेचार तासांत नेते हे भालकीत कुणालाही ठाऊक होतं. मी एकदा विचारलंही होतं. म्हणाले, "बसमध्ये मला मळमळतंय."

उदगीरला आणि लातूरला मात्र हेच माणिकराव बसनं जात, खिडकीशी बसून शेंगा खात. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. माणसाला एखादी सवय लागते, तिला कारण असतंच असं नाही.

मी भालकीच्या मराठी शाळेत शिकवत होते. ब्याऐंशी सालच्या डिसेंबरात एका सकाळी कारखान्याचे ड्रायव्हर अंकुशराव आपल्या मुलीला शाळेत सोडायला आले आणि फाटकाशी घुटमळले.

"बाई, साहेबांना जरा सांगा की तुम्ही."

"काय सांगू?"

"दर बेस्तरवारी माझी जीप सिकंदराबादला जायलीय. हापिसाचं टपाल घेऊन. मागची सीट रिकामी. मी म्हणतो, बसा, घरच्यासारखं नेतो. न्हाईच म्हणतात. मागच्या महिन्यात तर येताना सगळं सामान माझ्या जीपमध्ये टाकलं अन् सोता गाडीनं आले."

"त्यांना गाडी आवडते," मी म्हणाले.

अंकुशराव हसले नाहीत. "आवडत असंल," म्हणाले. "पर मी एकदा टेशनावर गेलो होतो बोलवायला. मला बघून साहेब दुसऱ्या दारानं चढले. माझ्यापासून कामून लपावं, बाई?"

२

त्या आठवड्यात बाजारात रुद्रम्मा भेटली. तिला मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. हलबर्ग्याची पेरूवाली. गाडीत पेरू विकायची आणि आठवडी बाजाराच्या दिवशी भालकीत बसायची. मी पुढून चालले होते, तर तिनं हाक मारली.

"अक्का, ये गं. तुझी शाल राहिली की."

मी मागं पाहिलं, की दुसऱ्या कुणाला बोलावतेय का. मलाच बोलावत होती. पाटीखालून तिनं घडी केलेली राखाडी शाल काढली आणि माझ्या हातात ठेवली.

"बाकावर सोडलीस. मी सांभाळून ठिवली. मालकास्नी द्यावी म्हटलं तर ते झोपलेते."

"कोणत्या बाकावर?"

"गाडीत की गं. गेल्या बेस्तरवारी." आणि मग आपुलकीनं, "लेकरामागं ध्यान राहत न्हाई बाईमाणसाचं."

तिची काहीतरी गल्लत होतेय असं मला म्हणायचं होतं. पण शाल उलगडली गेली होती, आणि तिच्या कोपऱ्यात हिरव्या दोऱ्यानं रफू केलेलं होतं. राखाडी दोरा संपला होता म्हणून मी हिरवा घेतला होता. शेवटी गाठ मारायची राहिली म्हणून तिथंच दोनदा टाका फिरवला होता. तोही तसाच होता.

घरी येऊन मी ट्रंक उघडली. माझी शाल ट्रंकेतच होती. कोपऱ्यात हिरवं रफू, शेवटी दोनदा फिरवलेला टाका.

दोन्ही शाली मी खाटेवर शेजारी शेजारी पसरल्या आणि बराच वेळ बघत बसले. पुढं त्यातली एक मी बाजारातल्या एका म्हातारीला देऊन टाकली. कोणती दिली, ते मला सांगता येणार नाही.

माझ्या वडिलांनी सत्तावन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या दिवशी घरातले ताईत, अंगारे, देवऋषाचे गंडे सगळे एका पोत्यात भरून बाहेर काढले. मी तेव्हा आठ वर्षांची होते. कुणाच्या अंगात आलं, कुणाला काही दिसलं, असं कानावर आलं की अप्पा एवढंच विचारत, "कारण काय?" कारण असतंच, शोधायचा कंटाळा करू नये, ही त्यांची शिकवण. मी ती शिकवण धरूनच विचार केला. कारण सरळ होतं. माणिकराव गाडीतून दुसऱ्या एका बाईला घेऊन जातात. लोकांना ती बायको म्हणून सांगतात. तिला त्यांनी माझ्यासारखी शाल घेऊन दिली. म्हणून जीप नको, म्हणून बस नको.

असा नवरा असणं वाईट, पण ते समजण्यासारखं होतं. फक्त रफूचं काही जुळेना. बायको म्हणून मिरवायला शाल सारखी घेता येते. फाटलेली जागा सारखी कोण करून घेईल?

३

बुधवारी संध्याकाळी जेवताना मी म्हणाले, "उद्या मी पण येते."

माणिकरावांचा घास हातातच राहिला. "कुठं?"

"सिकंदराबादला. रजा टाकलीय."

"कामून?"

"सहज. पाच वर्षं तुम्ही जायलाव, मी एकदाही बघितलं न्हाई."

त्यांनी घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "तू बसनं ये. दुपारपर्यंत पोचशील. मी तिथं स्टँडवर भेटतो."

"एका घरातनं निघायचं अन् दोन वाटांनी जायचं?"

रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. पण त्यांचा चेहरा रागावलेल्या माणसाचा नव्हता. ज्याचं काही हातचं जाणार आहे अशा माणसाचा होता.

सकाळी मी ट्रंकेतली शाल अंगावर घेतली. स्टेशनावर उन्हं नुकती आली होती. गाडी फलाटाला लागली तसे माणिकराव न बोलता इंजिनापासूनच्या चौथ्या डब्यापाशी गेले. दाराशी थांबून त्यांनी मागं पाहिलं. माझ्याकडे नाही. माझ्या मागं, फलाटाच्या फाटकाकडे. गाडी हलेपर्यंत ते दारातच उभे होते.

४

बाकावर एक म्हातारे गृहस्थ आधीच बसलेले होते. पांढरा फेटा, कपाळाला विभूती. आम्हाला बघताच त्यांनी आपलं गाठोडं उचलून मांडीवर घेतलं आणि खिडकीची जागा रिकामी केली.

"या बाई, या. बसा." मग दाराकडे बघत, "पोरीला न्हाई आणलं आज?"

हे रेवणसिद्धप्पा. कमालनगरचे किराणा व्यापारी, धंदा मुलांकडे सोपवलेला. दर गुरुवारी जहिराबादला लेकीकडे जात. हे मला नंतर बोलण्यातून कळलं. त्या क्षणी मी फक्त माणिकरावांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

"कुठली पोर?" मी विचारलं.

रेवणसिद्धप्पा हसले. "चेष्टा करायलाव व्हय म्हाताऱ्याची? बरी हाय न्हवं ती? गेल्या खेपेला जरा कणकण होती अंगात."

आम्हाला मूल नव्हतं. एक झालं होतं, सहा वर्षांपूर्वी. मुलगी. दवाखान्यात दोन दिवस अडले आणि ती निघाली ती न रडताच. माझ्या सासूबाईंनी तिला कापडात गुंडाळून नेलं. मी तिचा फक्त एक पाय पाहिला. त्यानंतर घरात आम्ही दोघं एकमेकांशी गरजेपुरतं बोलत आलो. भांडण असं काही नव्हतं. बोलण्यासारखं जे होतं, ते बोलायचं नाही हे न ठरवताच ठरलं होतं.

"बरी आहे," मी म्हणाले. का म्हणाले, कुणास ठाऊक. माणसाला बोलतं करावं एवढंच मनात असावं.

"बरं झालं. तिच्यासाठी म्हणून आणलंय बघा." त्यांनी गाठोड्यातून कागदाची पुडी काढली. उसाची साल काढून केलेले बारीक बारीक तुकडे होते, बोटाच्या पेराएवढे. "मोठं कांडं चावंना तिला. पुढचे दोन दात पडलेत न्हवं का. मी घरी सांगितलं, बारीक करून द्या."

"तुम्हाला सवड बरी होते," मी म्हणाले.

"सवड कसली बाई. ह्या गाडीत तेवढाच इरंगुळा. खांब मोजती ती, तारेचे. पन्नासच्या पुढं चुकती, मग परत एकपासनं." ते स्वतःशीच हसले. "अन् नाव किती सुरेख ठेवलंत. माझ्या नातसुनेला मी तेच सांगितलं. उत्पला. उत्पला म्हणजे कमळ, तुम्हीच सांगितलं होतं मला."

गाडी हलबर्ग्याला थांबत होती. ब्रेक लागताना लाकडी बाक करकरला आणि मी दोन्ही हातांनी त्याची कड धरली.

उत्पला हे नाव मी पोटुशी असताना बिदरच्या एका कार्यक्रमात भंतेजींच्या तोंडून ऐकलं होतं. एका थेरीची, म्हणजे भिक्खुणीची, कथा सांगताना त्यांनी ते घेतलं. मुलगी झाली तर हेच, असं मी मनात ठरवलं. आधीच बोलून दाखवू नये, झाल्यावर सांगू, म्हणून कुणाला सांगितलं नाही. मग सांगायची वेळच आली नाही. माणिकरावांना नाही, आईला नाही, कागदावर नाही. ते नाव माझ्या डोक्याबाहेर कधी गेलंच नव्हतं.

५

रुद्रम्मा हलबर्ग्याला चढली, पेरूची पाटी घेऊन. "शाल इसरू नगंस आता," म्हणून माझ्या अंगावरच्या शालीला हात लावून गेली. बिदरला डबा भरला आणि पुन्हा बराच रिकामा झाला. जहिराबादला रेवणसिद्धप्पा उतरले. उतरताना पुडी बाकावर ठेवून म्हणाले, "द्या तिला. म्हणावं, आजोबानं दिलंय."

आम्ही दोघंच उरलो. समोरच्या बाकावर एक माणूस तोंडावर टॉवेल घेऊन झोपला होता. बाहेर कापलेल्या ज्वारीची रानं लख्ख उन्हात होती. मी पुष्कळ वेळ शब्द जुळवत होते. शेवटी एकच निघाला.

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

"कोण आहे ती?"

माणिकराव खिडकीच्या गजावर बोट फिरवत राहिले. "पहिल्यांदा भालकीलाच चढलीस. गाडी सुटता सुटता. कडेवर पोर. मला वाटलं, शाळेला सुट्टी असेल."

ते 'चढलीस' म्हणाले. मला ते कानात खुपलं.

"मी न्हाई चढले."

"ठाऊक आहे मला. शुक्रवारी आलो तो आधी तुझ्या शाळेत गेलो. हेडमास्तरांना काहीतरी निमित्त सांगून हजेरीबुक बघितलं. गुरुवारची तुझी सही होती."

"अन् पोर? कडेवर पोर बघून तुम्हाला काही वाटलं न्हाई?"

"वाटलं की."

"मग?"

"मग काय. पुढच्या गुरुवारी परत गाडीनं गेलो."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. पाच वर्षं ज्यांची भाकरी बांधून दिली, त्या माणसाचा चेहरा मी इतका जवळून बरेच दिवसांत पाहिला नव्हता. ते खोटं बोलत नव्हते. अप्पांचा प्रश्न माझ्या डोक्यात घण घातल्यासारखा चालू होता. कारण काय? एखादी बाई, सोंग घेणारी. एखादी पोर, कुणाची तरी, शिकवून आणलेली. माझ्या झोपेत माझ्या तोंडून नाव गेलं असेल, ते यांनी ऐकून तिला सांगितलं असेल. एकेक करून मी सगळी कारणं लावून पाहिली. प्रत्येकात कुठंतरी एखादा टाका सुटत होता.

"तिला कधी विचारलं न्हाई, तू कोण म्हणून?"

"न्हाई." गजावरचं बोट थांबवून ते म्हणाले, "विचारलं अन् पुढच्या वेळी आलीच न्हाई तर?"

मग आपणहून बोलू लागले. घरी कधी बोलत नसत इतकं. ती पोरीला खिडकीशी बसवते. पोर यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपते. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येतो. कोहीरला गाडी क्रॉसिंगला थांबते, तेव्हा ती पोरीला घेऊन पाणी आणायला म्हणून उतरते. दर वेळी. आणि परत येत नाही.

"तिथून पुढं मी एकटाच असतो," ते म्हणाले. "मला येताना गाडी आवडत न्हाई. येताना कुणी नसतं. पण वाटतं, एखाद्या वेळी असेल."

६

कोहीरला गाडी बाजूच्या रुळावर घेतली आणि इंजिनाचा आवाज बसला. साडेअकरा झाले असतील. लोक पाय मोकळे करायला उतरले. कुणी नळावर गेलं, कुणी लिंबाखाली.

माणिकरावांनी पिशवीतून तांब्या काढला आणि माझ्यापुढं धरला.

"जा," ते म्हणाले. "पाणी आण."

"तुम्ही जा."

"दर वेळी ती उतरते. आज तू उतर." ते खाली वाकून म्हणाले, "शोभा, एकदा. तू बसलीस म्हणून ती आली न्हाई आज. सकाळपासून बघतोय मी. तू उतरलीस तर कदाचित येईल. फक्त इथून विकाराबादपर्यंत. तू पुढच्या डब्यात बस."

लग्नानंतर त्यांनी माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. हे मागितलं.

मी तांब्या घेतला. त्यांची दया आली म्हणून नव्हे. मी उतरेन, पाणी भरेन, परत येईन, आणि त्या बाकावर कुणीही नसेल. मग त्यांच्या डोळ्यांनीच त्यांना दाखवता येईल की कुणी नव्हतं, कधी नव्हतं. असा माझा हिशेब होता.

नळ फलाटाच्या टोकाला होता. माझ्यापुढं दोघं होते. माझा नंबर आला तेव्हा समोरून दुसरी गाडी आली, न थांबता धडधडत गेली, आणि ती जाईपर्यंत कानात दुसरं काही शिरेना. मी तांब्या भरला. आमच्या गाडीचा सिग्नल पडला. लोक चढू लागले. मी घाई न करता चालत निघाले, कारण घाई करायला काही कारण नव्हतं.

खिडकीशी आल्यावर मला गजांमधून बाहेर आलेला एक हात दिसला. लहान. कोपरापर्यंत. एक बोट पुढं करून तो हळूहळू हलत होता, एकेक काहीतरी मोजल्यासारखा. तिथून मला गाडीच्या पुढं जाणारे तारेचे खांब दिसत होते.

तांब्या कुठं पडला ते मला आठवत नाही. मी दारातून आत चढले. आत जायच्या वाटेत रुद्रम्मा पाटी घेऊन उभी होती. तिनं मला पाहिलं. मग वळून आत, आमच्या बाकाकडे पाहिलं. मग परत मला. पाटीतल्या पेरूवर ठेवलेला तिचा हात तसाच राहिला.

"यारव्वा नी?" तिनं हळूच विचारलं. तू कोण गं?

सकाळी माझ्या शालीला हात लावून गेलेली हीच बाई. तिच्या खांद्यावरून मला बाकाचा अर्धाच भाग दिसत होता. माणिकराव दिसत होते. उसाचे तुकडे पुडीतून एकेक उचलून ते कुणाच्या तरी तळहातावर ठेवत होते आणि बोलत होते. त्यांचा चेहरा असा मी सहा वर्षांपूर्वी पाहिला होता. त्यांच्यासमोर पाठमोरी एक बाई होती. डोक्यावरून राखाडी शाल. मी स्वतःची पाठ कधी पाहिलेली नाही. तरी ती मला ओळखता आली.

गाडीला झटका बसला. ती हलली, आणि त्या बाईनं मान जराशी तिरकी केली.

"कोण आहे दारात?" तिनं विचारलं.

वर्गात मुलांना शांत बसा म्हणते तो माझा आवाज. जरा दमलेला, पण चिडलेला नाही. माझा आवाज इतका बरा लागतो हे मला ठाऊक नव्हतं.

माणिकरावांनी मान वर केली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नीट पाहिलं, मला ओळखून पाहिलं.

"कुणी न्हाई," ते म्हणाले. "बस तू."

मी उतरले. गाडी अजून वेगात यायची होती, तरी पडले असते. कुणीतरी फलाटावरून माझा दंड धरला. चौथा डबा पुढं गेला तेव्हा मी जमिनीकडे बघत उभी होते. मान वर केली असती तर तो चेहरा खिडकीत दिसला असता. सहा वर्षं मला तो बघायचा होता. मी मान वर केली नाही.

७

कोहीरहून ट्रकनं जहिराबाद, तिथून बसनं बिदर, आणि चार वाजता मी भालकीत घरी होते. गाडी तेव्हा सिकंदराबादला पोचत असेल. घर जसंच्या तसं होतं. सकाळचं पातेलं चुलीशी, कुलूप मी लावलेलं तसंच. मी दोन्ही खोल्या झाडून काढल्या. शेजारच्या सत्यभामाबाई डोकावून म्हणाल्या, "लवकर आलाव की," आणि मी म्हणाले, "गर्दी होती."

शुक्रवारी मी शाळेत गेले नाही. दुपारी चारच्या सुमाराला गाडीची शिट्टी झाली. स्टेशनापासून आमचं घर सात-आठ मिनिटांवर. मला वाटलं, हे येणारच नाहीत. मग वाटलं, एकटे येणार नाहीत. मी चुलीपुढं बसून राहिले आणि पावलं ऐकत होते. एकाच माणसाची पावलं आली.

दार उघडंच होतं, तरी त्यांनी कडी वाजवली. मी जाऊन उंबऱ्याशी उभी राहिले. ते अंगणात, हातात पिशवी, चेहऱ्यावर प्रवासाची काजळी.

"आज शाळा नव्हती?" त्यांनी विचारलं.

"रजा टाकली."

ते मला न्याहाळत होते. माझे डोळे, माझी हनुवटी, माझे हात. मग म्हणाले, "ह्या घरात आपण नवीन आलो, त्या दिवशी तू काय शिजवलं होतंस?"

"काही न्हाई. रॉकेल नव्हतं. तुम्ही स्टेशनवरनं भजी आणली होती."

"बरोबर," ते म्हणाले.

पण आत आले नाहीत. हे उत्तर तिलाही देता आलं असतं. ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्याच क्षणी माझ्याही. आम्ही तसेच उभे राहिलो. मला वाटत होतं त्यांना भीती वाटतेय, माझी. मग मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. ती भीती नव्हती. त्यांना काहीतरी मिळेल अशी आशा होती, आणि मी मीच आहे असं ठरलं तर ती मोडणार होती.

त्यांची नजर माझ्यावरून सरकली. माझ्या कमरेच्या बाजूनं, माझ्या मागं, घरात गेली. चुलीकडे, खाटेकडे, ट्रंकेकडे. खाली, जमिनीपासून दीड-दोन हातांवर ती फिरत होती, लहान मूल जेवढं उंच असतं तेवढ्यावरून. आतल्या खोलीच्या दाराशी ती थांबली.

तिथंच राहिली. हळूहळू त्यांचा चेहरा सैल झाला. पिशवी त्यांनी खाली ठेवली, चपला काढल्या आणि माझ्या अंगाला न लागता माझ्या बाजूनं आत गेले.

मी उंबऱ्यात तशीच उभी होते, अंगणाकडे तोंड करून. समोर सत्यभामाबाईंची शेळी बांधलेली होती, तिच्याकडे बघत. मागं माणिकराव कुणाशी तरी हलक्या आवाजात बोलू लागले होते.

पुढच्या गुरुवारी ते अंकुशरावांच्या जीपनं गेले, आणि मुक्काम न करता त्याच दिवशी घरी आले. त्यानंतर गाडीनं कधीच गेले नाहीत.